मदत हवी आहे : थायलंडमधील देशी-विदेशी शैलीचे राजवाडे – बांग पा-इन की फेचबुरी?

नमस्कार.

येत्या डिसेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन बँकॉकला जाण्याचे ठरले आहे. सयामच्या (थायलंडचे जुने नाव) राजांनी स्थानिक आणि युरोपीय शैलींचा मेळ घालून बांधलेले राजवाडे निवांतपणे पाहावेत, हा मुख्य हेतू आहे. बँकॉकबाहेर मात्र एकाच दिवसाची सहल जमणार असल्यामुळे निवड करावी लागेल आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

बँकॉकमधील चक्री महाप्रासाद आम्ही पाहणारच आहोत. राजा चुलालाँगकॉर्न, म्हणजे पाचवा राम (‘राम’ ही तेथील राजांची क्रमवार पदवी), याने जॉन क्लुनिश या ब्रिटिश वास्तुविशारदाकडून तो १८७६ ते १८८२ या काळात बांधून घेतला. मूळ आराखड्यात घुमट होते. परंतु एका ज्येष्ठ सरदाराच्या आग्रहामुळे त्यांच्या जागी थाई पद्धतीची उतरती छपरे आणि शिखरे आली, त्यामुळे खाली इटालियन रेनेसान्स धाटणीच्या भिंती-कमानी आणि वर थाई मुकुट असा प्रकार झाला. छायाचित्रांत हा सांधा मला उपरा वाटतो. प्रत्यक्षातही तसाच वाटतो का? (हा राजा १८७२ साली मुंबईलाही येऊन गेला होता, म्हणून कुतूहल जरा जास्त आहे.)

आता मुख्य प्रश्न. फेचबुरीचा फ्रा नाखोन खिरी हा चौथ्या रामाचा राजवाडा टेकडीवर आहे, तेथे थाई, चिनी आणि युरोपीय शैली एकत्र नांदतात आणि राजाची स्वतःची वेधशाळाही आहे. मन तिकडे ओढ घेते. पण आईच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाही. टेकडीवर नेणारी रेल्वेगाडी असली, तरी वर पोहोचल्यावर कितपत चालावे लागते? बांग पा-इनला सपाटी आहे, पण तेथे प्रत्येक शैलीची इमारत वेगळी असल्याने ते नुसते प्रदर्शन तर वाटत नाही ना?

आगाऊ आभार.

प्रतिसाद :

आईंना घेऊन जाणार असाल, तर निःशंकपणे बांग पा-इन निवडावे. फेचबुरीला गाडीतून उतरल्यावरही इमारती टेकडीच्या वेगवेगळ्या शिखरांवर विखुरलेल्या असल्यामुळे दगडी पायवाटा आणि पायऱ्या चुकत नाहीत. शिवाय हातातली पिशवी माकडांपासून सांभाळावी लागते. बांग पा-इनला बॅटरीवर चालणारी छोटी गाडी भाड्याने मिळते आणि ती आपणच चालवायची असते.

प्रदर्शनाची शंका रास्त आहे. तळ्याच्या मधोमध १८७६ सालचा थाई मंडप, काठावर वरोफात पिमान ही युरोपीय धाटणीची इमारत आणि थोड्या अंतरावर चिनी व्यापाऱ्यांनी १८८९ साली राजाला भेट दिलेला वेहात चामरून हा चिनी वाडा, असे सारे एका फेरीत दिसते. चिनी वाड्यात पादत्राणे काढून जावे लागते आणि तेथे घाई करू नये. लाखकाम केलेले तांबडे-सोनेरी लाकूड आणि पायाखालच्या हाताने रंगवलेल्या फरशा पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही.

मात्र आपल्याला हवा असलेला खरा मेळ राजवाड्यात नव्हे, नदीपलीकडच्या वाट निवेत थम्माप्रवात या मंदिरात आहे. चुलालाँगकॉर्ननेच १८७८ मध्ये पूर्ण केलेले हे बौद्ध मंदिर बाहेरून हुबेहूब गॉथिक चर्च आहे. आत टोकदार कमानींखाली, चर्चमध्ये वेदी असते त्या जागी बुद्धमूर्ती आहे आणि रंगीत काचेच्या खिडकीत खुद्द राजाचे चित्र आहे. तारेवरून सरकणाऱ्या लहानशा पाळण्यात बसून पलीकडे जाता येते, आईंना त्रास होणार नाही.

चक्री महाप्रासादाचा सांधा मलाही उपराच वाटला, पण समोरच्या अंगणातून थोडे लांब उभे राहून पाहिल्यास तो कमी खटकतो. तेथे आणि बांग पा-इनला, दोन्ही ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे आवश्यक आहेत. बांग पा-इनला बँकॉकहून रेल्वेने जाता येते. स्थानकापासून राजवाड्यापर्यंत टुकटुक करावी आणि भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे.