मदत हवी आहे: पेपेहात अजिंक्यतारा चालेल का?

मंडळी, न्यूझीलंडमध्ये कुणी 'ते रेओ माओरी', म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा, शिकतंय का?

मी हॅमिल्टनला, म्हणजे किरिकिरिरोआला राहते. संध्याकाळच्या वर्गात पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला पेपेहा म्हणायचाय. पेपेहा म्हणजे स्वतःची ओळख, पण नाव येतं शेवटी. आधी आपला डोंगर, आपली नदी, पूर्वज ज्यातून आले ती वाका (मोठी होडी), मग इवी, म्हणजे जमात. माझं माहेर साताऱ्याचं. 'को अजिंक्यतारा ते माउंगा, को कृष्णा ते आवा' (डोंगर अजिंक्यतारा, नदी कृष्णा) असं लिहून ठेवलंय. पण बिगर-माओरी माणसाने हाच साचा वापरावा का, की फक्त 'मी अमुक डोंगराच्या सावलीत वाढले' एवढंच म्हणावं? वर्गात दोन्ही मतं ऐकली. आणि वाकाचं काय करू? आम्ही आलो विमानातून!

बाकी एक गंमत. 'तातोउ' आणि 'मातोउ' हा फरक बाकीच्यांना जड गेला, मला एका मिनिटात कळला. आपण आणि आम्ही, झालं! ऱ्हस्व-दीर्घाला मात्र घाबरते. 'केके' म्हणजे केक, पण दोन्ही 'के' लांबवले की काख.

खरी अडचण 'ताकु' आणि 'तोकु'ची आहे. दोन्हींचा अर्थ 'माझं'. मूल, जेवण यांना ताकु. आईवडील, घर, गाडी यांना तोकु. जेवणाला ताकु, मग पिण्याच्या पाण्याला तोकु का? लक्षात ठेवायची कुणाची काही युक्ती असेल तर सांगा. आणि पेपेहाचं बुधवारच्या आत, प्लीज.