ड्रम्स नसले तरी जडच

मेटल संगीताबद्दल एकाने लिहिलंय की डबल बास ड्रम आणि घसा फाडणं नसेल तर तो अल्बम जड (हेवी) कसला. अजिबात पटत नाही. अर्थ (Earth) या अमेरिकन बँडचा १९९३ चा ‘अर्थ २’ (Earth 2) ऐका. ७३ मिनिटं, तीनच ट्रॅक, ड्रम्स जवळपास नाहीतच. खर्जात घुमणारी गिटार आणि बास, बस्स. सुरुवातीला वैताग येतो, मग कान आपसूक आतले बारीक सूर शोधायला लागतात. मोबाईलच्या स्पीकरवर मात्र लावू नका, निम्मं ऐकूच येणार नाही.

आणि आपल्या सांगली-मिरजकरांनी तरी या संगीताला परकं म्हणू नये. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढताना बघा. कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानशीने घासतो, तारेखाली दोरा हळूहळू सरकवतो आणि एका नेमक्या जागी तीच तार भरून बोलायला लागते. ‘अर्थ २’सारखं ड्रोन संगीत, म्हणजे एकच सूर लांबवत धरणारं संगीत, त्याच घुमण्यावर उभं आहे. अमेरिकेतल्या ड्रोन संगीताचे आद्य पुरुष ला माँट यंग १९७० पासून हिंदुस्थानी गायक पंडित प्राणनाथांकडे शिकले, म्हणजे किराणा घराणं. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांची कबरही इथेच दर्ग्यात आहे.