सहावीतल्या मुलीच्या भाषणातून खोडलेलं एक वाक्य : मिस फरार

नगरी मास्तर

३ जानेवारीला आमच्या शाळेत बालिका दिन झाला. सहावीतल्या एका मुलीला सावित्रीबाईंवर भाषण लिहून दिलं होतं. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. आदल्या दिवशी तालमीत एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्यातलं एक वाक्य पेनाने खोडलं : 'सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं.' म्हणाले, मिशनरीणबाईचं नाव कशाला, उगाच कुणीतरी उठायचं. दुसऱ्या दिवशी पोरगी ते वाक्य गाळून बोलली, पण त्या जागी आल्यावर क्षणभर अडखळली. ते अडखळणं मला अजून खुपतंय.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावचा. पेशा शिक्षिकेचा. जून १८२७ मध्ये बोस्टनहून जहाजात बसल्या आणि डिसेंबरात मुंबईला उतरल्या. वय बत्तीस, लग्न केलेलं नाही. मिशनऱ्यांच्या बायका नवऱ्याबरोबर यायच्या, पण एकट्या बाईला समुद्रापलीकडे धाडणं मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या संस्थेलाही नवं होतं. काम एकच, मुलींच्या शाळा बघायच्या. शिकवायला बायका मिळणार कुठून? मिशनला हिंदू पंतोजी नेमून शाळा चालवाव्या लागत.

आपल्या कानाला फरार म्हणजे पळून गेलेला. ही बाई पळाली नाही. १८३७ मध्ये तब्येत ढासळली म्हणून अमेरिकेला गेल्या, बऱ्या झाल्या आणि १८३९ मध्ये परत आल्या. या वेळी नगरला. १८६२ मध्ये नगरातच वारल्या.

जोतीराव नगरला मित्राकडे, सदाशिव बल्लाळ गोवंड्यांकडे गेले, तेव्हा गोवंड्यांनी त्यांना फरारबाईंच्या शाळा दाखवल्या. मुली शिकताना पाहिल्या आणि पुण्याला येऊन त्यांनी १८४८ मध्ये शाळा काढली. हे खुद्द जोतीरावांनी सांगितलेलं आहे, मिशनच्या 'ज्ञानोदय' या वर्तमानपत्रात १८५३ मध्ये छापलेलं आहे. सावित्रीबाईंच्या प्रशिक्षणाचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो. मग आम्ही हे नाव मुलांसमोर घ्यायला का घाबरतो?

सह्यगिरी

सर, तुमची कळ समजते, पण ज्यांनी खोडलं त्यांचं सगळंच चुकलं असं मला वाटत नाही. फरारबाई धर्म सांगायला आल्या होत्या. शाळा हे त्याचं साधन होतं, आणि मिशनने ते कधी लपवलंही नाही. मुळाक्षरं झाली की मुलींकडून काय पाठ करून घ्यायचे? बायबलमधले उतारे, धर्माची प्रश्नोत्तरं. आजी ज्या देवाला हात जोडते तो खोटा, हे आठ वर्षांच्या पोरीच्या मनात भरवायचं, याला मी निव्वळ शिक्षण म्हणणार नाही.

मे १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि पालकांनी भराभरा मुलं काढून घेतली. ते पालक काही शिक्षणाचे वैरी नव्हते. पोटचं पोर हातचं जाईल ही भीती होती, आणि दोन घरांत ती खरी ठरली होती.

आणखी एक. फरारबाईंच्या पाठीशी बोर्ड होतं, खर्चाला पैसा होता. सावित्रीबाईंना १८४९ मध्ये जोतीरावांबरोबर सासरचं घर सोडावं लागलं. रस्त्यात शेणमाती झेलत त्या शाळेत जायच्या. दोघींना एका पंगतीत बसवू नका. तीन मिनिटांच्या भाषणात ते तेज सावित्रीबाईंचंच राहू द्या.

भिंगारची लेक

आम्ही नगरचे ख्रिस्ती, पाच पिढ्यांचे. 'बाटगे', 'दुष्काळात धान्यासाठी झालेले' हे लहानपणापासून ऐकत आले, म्हणून सह्यगिरीदादांना मनापासून विचारते. पोर हातचं जाईल ही भीती ज्यांना होती, त्यांच्या हातात गमावण्यासारखं काहीतरी होतं. आमच्या घरात काय होतं? गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही, देवळाची पायरी चढायची नाही. ज्या देवाला 'खोटा' म्हटल्याचं तुम्हाला दुःख होतं, त्याच्या दारात आम्हाला उभंही करत नव्हते.

पणजीची 'उपासना संगीता'ची, म्हणजे आमच्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची, प्रत माझ्याकडे आहे. पुठ्ठा निखळला तेव्हा तिने जुन्या लुगड्याच्या काठाने तो शिवला. पहिल्या पानावर तिने स्वतःचं नाव लिहिलंय, मोठं, वाकडं, दोनदा. पहिल्यांदा चुकलं म्हणून दुसऱ्यांदा. तिच्या आईला अंगठा उठवायची वेळ यायची. मिशनच्या बायांनी आम्हाला फसवलं असं कुणी म्हणालं की मला ते पान आठवतं.

जुनी पानं

दोघांनाही अडचणीची वाटेल अशी गोष्ट मांडतो. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन बोस्टनहून इकडे आले. शाळांवर होणारा खर्च धर्मप्रसाराच्या किती कामी येतो, याचा हिशेब त्यांनी लावला आणि मिशनच्या इंग्रजी शाळा बंद पडल्या. म्हणजे बोर्डाच्या हेतूबद्दल सह्यगिरी म्हणतात ते बरोबर आहे. पण फरारबाईंनी मुंबईत आणि नगरात मिळून तीस वर्षांहून जास्त काळ मुलींच्या शाळांत काढला, हेही तितकंच खरं.

याच १८५५ सालात 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध आला. शाळा फुल्यांची, मुलगी मांगाची, छापणारं वर्तमानपत्र अमेरिकन मिशनचं. त्यात ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. मिशनच्या पत्रात छापला, पण 'आता मी ख्रिस्ती होते' असं ती लिहीत नाही. एकदा लिहिता आलं की पोरं काय लिहितील हे शाळा काढणाऱ्याच्या हातात राहत नाही.

नगरी मास्तर

मुक्तेचा निबंध मी मुलांना वाचून दाखवतो. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

सह्यगिरी, जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांशी बसणं-उठणं होतं, तरी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एक घर रंगवलंय. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छताखाली गुण्यागोविंदाने. असा माणूस कुणाकडून काय घेतलं हे लपवायचा नाही. त्यांनी फरारबाईंचं नाव उघड घेतलं, तर ते खोडणारे आपण कोण?

सह्यगिरी

जोतीरावांचा दाखला मानतो. मग वाक्य ठेवा, पण त्याला लागून दुसरंही घाला : 'मात्र फुले दांपत्याने त्यांचा धर्म स्वीकारला नाही.' पूर्ण खरं सांगायचं तर एवढं हवं. हेतूबद्दलचं माझं मत तेच आहे.

भिंगारची लेक

ही पुरवणी आम्हालाच का लागते, दादा? जोतीरावांच्या हातात थॉमस पेन या इंग्रज विचारवंताची पुस्तकं पडली हे सांगताना 'मात्र ते इंग्रज झाले नाहीत' असं कुणी जोडत नाही. लहुजी वस्तादांच्या तालमीत गेले हे सांगतानाही काही जोडत नाही. शिकवणाऱ्या बाईचं नाव नुसतं घेता येत नाही का?

जुनी पानं

इथे मी ताईंच्या बाजूने. सहावीतल्या मुलीच्या तोंडी 'मात्र' घालू नये.

सह्यगिरी

पटत नाही. पण मूळ वाक्य खोडायला नको होतं, एवढं आता म्हणतो.

नगरी मास्तर

काल तिची वही तपासायला आली. भाषणाचा कागद तिने मागच्या पानाला चिकटवलाय. पेनाने खोडलेल्या ओळीवर ते वाक्य तिने पेन्सिलीने पुन्हा लिहिलंय. एकच बदल केलाय, 'मिस फरार' च्या जागी 'फरारबाई'. आमच्या शाळेत मुलं शिक्षिकांना बाई म्हणतात.