तळ्याकाठचे पक्षी: फोटो लपणातूनच काढावेत, की काठावर उतरायला हरकत नाही?

लव्हाळा:
राखीव तळ्यांवर पक्षी बघण्यासाठी लपण बांधलेलं असतं, बहुतेकजण त्याला हाइड म्हणतात. तरीही कॅमेरेवाले ते सोडून पार पाण्याच्या कडेपर्यंत उतरतात. माझं मत स्पष्ट आहे: फोटो लपणातून किंवा आखलेल्या वाटेवरूनच काढावेत, काठावर उतरणं पूर्ण बंद असावं.

काठ ही पाणपक्ष्यांची चरायची जागा आहे. तुतारी आणि शेकाट्या हे चिखलात चरणारे पक्षी बोटभर ते वीतभर पाण्यातच खाद्य शोधतात. तलवार बदक शेपूट वर करून मान बुडवतं, तेव्हाही त्याची पोच जेमतेम हातभर असते. माणूस काठाशी आला की हे पक्षी पन्नास मीटर आत सरकतात, आणि आत तळाशी चोच पोचत नाही. म्हणजे पक्षी उडाले नाहीत तरी त्यांचं चरणं थांबलंच. "उडाले नाहीत म्हणजे त्रास झाला नाही" हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. हिवाळी पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. एका सकाळी पाच टोळकी पाठोपाठ आली, तर दिवसातला चरण्याचा सगळ्यात चांगला वेळ हातचा जातो.

विणीच्या हंगामात नुकसान आणखी थेट होतं. टिबुकली घरट्यावरून उतरताना अंडी ओल्या पाणवनस्पतींनी झाकते. त्याला थोडा वेळ लागतो. माणूस अचानक पुढ्यात आला तर ती न झाकताच बुडी मारते आणि पांढरी अंडी कावळ्याला वरून दिसतात. शेकाट्या आणि टिटवी कडक उन्हात पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवतात. फोटोसाठी कोणी अर्धा तास तिथेच ठाण मांडलं, तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात.

सहाशे मिमी:
घरट्यांबाबत पूर्ण सहमत. त्यावर वादच नको. पण बाकीच्या आठ महिन्यांसाठी सरसकट बंदी मला पटत नाही.

आधी फोटोचं गणित. लपणाची खिडकी बहुधा पाण्यापासून दोन मीटर उंच असते. ४० मीटरवरच्या वारकरी या काळ्या पाणपक्ष्याचं डोकं पाण्यावर २५ सेंटीमीटर धरा. खिडकीतून त्याच्या डोक्यावरून जाणारी नजर त्याच्या मागे पाच-सहा मीटरवर पाण्याला टेकते. म्हणजे तेच जवळचं, लाटांनी भरलेलं पाणी पार्श्वभूमीला येतं. तेच लेन्स पाण्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल आणि पक्षी २० मीटरवर, तर ती रेषा शंभर मीटर मागे पोचते. पार्श्वभूमी विरघळते, पक्षी सुटा दिसतो. हा फरक कितीही महागड्या लेन्सने भरून निघत नाही.

आता त्रासाचं. पक्षी बिचकतो तो माणसाच्या उभ्या आकृतीला, सरळ त्याच्याच दिशेने येण्याला आणि झटक्याच्या हालचालीला. उजाडायच्या आधी येऊन पोटावर पडून राहिलेला एकटा माणूस दोन तास हलला नाही, तर चरणारा थवा हळूहळू आपणहून जवळ येतो. त्या मानाने लपणात दहाजण, दार सतत उघडतंय, गप्पा चालू, सेकंदाला वीस फ्रेमचा कडकडाट. जास्त त्रास कोणाचा?

पद्धत अशी. जागा आदल्या दिवशी लांबून दुर्बिणीने ठरवायची: पक्षी कुठे चरतात, विष्ठा आणि पावलांचे ठसे कुठे आहेत. सूर्य पाठीशी घ्यायचा. वाराही पाठीशी मिळाला तर उत्तम, कारण पक्षी उतरतात आणि उडतात ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणजे तेव्हा ते समोरून आपल्याकडे येतात. लेन्सखाली दाण्यांची पिशवी, दोन तृतीयांशच भरलेली. ठासून भरली तर लेन्स तिच्यावर घसरते. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, उडणाऱ्या बदकाला १/२००० पासून सुरुवात. आणि परत निघायचं ते पक्षी पांगल्यावर किंवा दूर सरकल्यावर, रांगतच. फोटो मिळाले म्हणून ताडकन उभं राहिलं, तर दोन तासांची शिस्त एका क्षणात वाया जाते.

तिपाई:
तुमचं कोनाचं गणित बरोबर आहे, पण निम्मं आहे. उरलेलं निम्मं असं: ६०० मिमी लेन्सने ४० मीटरवरचा ४० सेंटीमीटरचा वारकरी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, ६ मिलिमीटर पडतो. पूर्ण चौकटीच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, म्हणजे पक्षी चौकटीच्या एक षष्ठांश. रुंदीला ६००० पिक्सेल असतील तर पक्ष्याच्या वाट्याला १०००. ओळख पटवायला, पिसं वाचायला, पडद्यावर दाखवायला एवढं भरपूर झालं. २० मीटर गाठून २००० पिक्सेल मिळतात, ते मोठ्या छपाईलाच उपयोगी. त्यासाठी थवा उठवायची जोखीम घ्यायची का, हा खरा प्रश्न आहे.

जवळ जाण्याची निकड पुष्कळदा चुकीच्या निदानातून येते. फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, आला की दोष अंतराला दिला जातो. खरा दोष तापलेल्या हवेचा असतो. ऊन चढलं की पाणी आणि चिखल यांच्यावरची हवा थरथरते, आणि जमिनीलगत तर सर्वात जास्त. म्हणजे सहाशे मिमी, पोटावर पडून सकाळी दहानंतर काढलेले तुमचे फोटो खिडकीतल्यापेक्षा जास्त बिघडतील. ही थरथर शटरचा वेग वाढवून जात नाही आणि नंतर संगणकावरही पुसता येत नाही. पडताळा सोपा आहे: एकाच स्थिर पक्ष्याचे लागोपाठ दहा फोटो घ्या. प्रत्येकात चोचीची कड वेगळी वेडीवाकडी दिसली तर हवाच दोषी. सगळ्यांत सारखीच मऊ दिसली तर फोकस तपासा. कधी कधी थरथर लपणातच तयार होते. थंड पहाटे आतली माणसांनी उबवलेली हवा खिडकीतून बाहेर पडते आणि लेन्स नेमकी त्या झोतातून बघते. लेन्स गाडीतून काढल्यावर अर्धा तास बाहेरच्या हवेत निवू द्या, खिडकी वीस मिनिटं आधी उघडा.

लपणावरची तुमची टीका मात्र मान्य. त्यातही मोठी चूक बोलण्याची नसते, प्रकाशाची असते. समोरची आणि पाठीमागची खिडकी एकाच वेळी उघडी असली की आतली माणसं बाहेरून काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. पक्ष्यांच्या दृष्टीने मग भिंत नाहीच. पाठची झडप बंद ठेवा, लेन्सचं तोंड चौकटीच्या आत राहू द्या, बाहेर हात काढून दाखवू नका. एवढ्यावर निम्मा त्रास कमी होतो.

आवाज टाळायला मूक शटर (यांत्रिक पडदा न हलवता, थेट सेन्सरवरून फोटो घेणारं) वापरा असं सुचवलं जातं, त्याला एक अट आहे. सेन्सर हळू वाचला जात असेल तर फडफडणारे पंख आणि पॅन करताना, म्हणजे उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना, मागचे बोरू (काठावरचं वेतासारखं उंच गवत) तिरके वाकतात. बसलेल्या पक्ष्याला मूक शटर, उडणाऱ्याला यांत्रिक.

नोंदवही:
पक्षी मोजणाऱ्यांची बाजू इथे आलेलीच नाही. थवा मोजताना आधी तो बसलेला हवा. एका टोकापासून दुर्बिणीने दहा-दहाचे गट धरत जायचं, आणि मध्येच काठावरून कोणी माणूस उठला की संपलं. उठलेला थवा दोन-तीन भागांत फुटतो, एक भाग मोजून झालेल्या टोकाला जाऊन बसतो, आणि त्या फेरीचा आकडा टाकून द्यावा लागतो. सगळ्यात भित्रा पक्षी कधी उठतो यावर अख्ख्या थव्याचं उठणं ठरतं. त्यामुळे "मी ज्याचा फोटो काढत होतो तो शांत होता" हा बचाव लागू पडत नाही. शेजारचा चंचल थापट्या बदक आधी उडतो, बाकीचे त्याच्यामागे.

मात्र फोटोंवर राग नाही. लांबून घेतलेल्या साध्या फोटोचाही अभ्यासाला मोठा उपयोग होतो. पंखातली झडलेली पिसं, अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेल्या पायातल्या रंगीत कड्यांचा क्रम, मानेतल्या पट्ट्यावरची अक्षरं, ही माहिती डोळ्याने निसटते आणि फोटोत टिकते. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजच्या तळ्यावर पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून बेविक हंसांच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी टिपायला सुरुवात केली. प्रत्येक हंसाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे एकेक हंस दरवर्षी ओळखता येऊ लागला. हे काम आतून, खिडकीपलीकडे बघून होत होतं. चोचीजवळ जाऊन नव्हे. मोठा थवा मोजायलाही कॅमेरा कामी येतो: तिपाईवरून डावीकडून उजवीकडे, दर फ्रेम मागच्यावर एक तृतीयांश चढवत जा, घरी जोडून ठिपके मारत मोजा.

सहाशे मिमी:
तिपाई, दहानंतरच्या थरथरीचं मान्य. म्हणूनच पडून काढायचे फोटो उजाडल्यापासून पहिल्या दीड-दोन तासांतलेच. पण "ओळख पटवायला पुरेसं" हे माप मी स्वीकारत नाही. फोटो ओळखपत्र नव्हे. पाण्याच्या पातळीवरून दिसलेला वारकरी बघून माणूस तळ्याशी जोडला जातो, वरून दिसलेल्या काळ्या ठिपक्याने नाही. आणि नोंदवही, मोजणी ठरलेल्या दिवशी असते. त्या दिवशी काठ बंद ठेवा. वर्षभर कशाला?

लव्हाळा:
कारण नियम एका शिस्तशीर माणसासाठी नसतो. तुम्ही अंधारात येऊन दोन तास पडून राहाल. तुमचा फोटो बघून आलेला पुढचा माणूस नऊ वाजता येतो, उभाच्या उभा पाण्याकडे चालतो, थवा उठला की त्याचेच फोटो काढतो. उड्डाणाचे फोटो मिळावेत म्हणून मुद्दाम टाळ्या वाजवणं, खडा टाकणं हेही तळ्यांवर घडतं. वारकरी आणि टिबुकली तर सरळ वर उडूच शकत नाहीत, पाण्यावर पाय आपटत लांब धावावं लागतं. ती धाव फोटोत सुंदर दिसते, पण पक्ष्याला फार महाग पडते.

तरंगत्या लपणाचा (आत उभं राहून पाण्यातून ढकलत न्यायचं) पर्याय कोणी सुचवण्याआधीच सांगतो: तो उथळ पाण्यात, ऐन चरायच्या जागेतून पुढे सरकतो, बोरूंच्या कडेने घरट्यांवर आदळतो, आणि आतल्या माणसाचा पाय मऊ गाळात मांडीपर्यंत रुतला तर सोडवायला कोणी नसतं.

पाणथळ:
दोघांचा वाद खिडकीच्या उंचीवर अडलाय, मग खिडकीच खाली आणूया. जमिनीत ७० ते ९० सेंटीमीटर खोल फरशी आणि पाण्यापासून ३०-४० सेंटीमीटरवर आडवी फट, असं लपण बांधता येतं. सहाशे मिमींना हवा तो कोन मिळतो, लव्हाळ्यांना हवा तो आडोसा राहतो.

ते फसतं दोन कारणांनी. एक, जागा सपाट काठावर निवडली जाते. काठाचा उतार पन्नासास एक असेल तर पाणी अर्धा मीटर उतरताच काठ २५ मीटर मागे जातो, आणि लपणासमोर नुसता भेगाळलेला चिखल उरतो. त्यातून पुन्हा लोक खाली उतरतात. म्हणून उभ्या उताराचा काठ निवडायचा. दुसरं, पाणी चढलं की खोल फरशीत तळं साचतं. दाराशी उंबरा उंच हवा, फरशीला एका कोपऱ्यात उपसायचा खड्डा हवा.

तिथपर्यंतची वाटही झाकलेली पाहिजे. शेवटचे तीसेक मीटर दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीइतका बोरूचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा नसेल, तर माणूस आत शिरण्याआधीच समोरचं पाणी रिकामं झालेलं असतं. उत्तर गोलार्धात फटीचं तोंड उत्तरेला ठेवलं तर हिवाळाभर सूर्य समोर येत नाही.

सहाशे मिमी:
असं लपण असेल तर मी काठावर उतरणार नाही. पण फटीसमोर वीस मीटरवर पाण्यात एक वाकडा खुंट रोवलेला हवा, बसायला जागा असली की खंड्या आणि पाणकावळे स्वतःच तिथे येतात. आणि आत चारच्या वर माणसं नकोत.

लव्हाळा:
खुंटाला हरकत नाही, फक्त तो विणीच्या आधी रोवा आणि घरट्यांच्या बोरूंपासून दूर. भोवत्या हा शिकारी पक्षी त्यावर बसून टेहळणी करायला लागला तर काढून टाकायचा. आणि असं लपण उभं राहीपर्यंत काठ बंदच ठेवावा, यावर मी ठाम आहे.