निघोज: पावसाळ्यात नको
ऐन पावसाळ्यात निघोजचे (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) रांजणखळगे, म्हणजे नदीच्या खडकात पाण्याने कोरलेले रांजणासारखे खोल खड्डे, बघायला जावं का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नको. कुकडी नदीला पाणी असलं की खळगे बुडतात, वरून नुसता गढूळ लोंढा दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेत पात्र कोरडं असतं खरं, पण काळा बेसाल्ट खडक असा तापतो की अकरानंतर उभं राहवत नाही.

पुण्याहून शिरूर, तिथून निघोज सुमारे २४ किमी. गावात थांबू नका, मळगंगा देवीच्या कुंडापर्यंत गाडी जाते, मंदिर आणि खळगे तिथेच आहेत. झुलत्या पुलावरून आधी पूर्ण पात्र बघून घ्या, मगच खाली उतरा.

भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगरत खडक कोरतात. त्यामुळे बरेच खळगे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असतात. पोहणाऱ्यालाही बाहेर यायला पकड मिळत नाही, कारण भिंती घासून गुळगुळीत आणि त्यावर शेवाळ. कडाही आतून पोखरलेल्या असतात, सेल्फीसाठी टोकावर जाऊ नका. नदीच्या वरच्या अंगाला धरणं आहेत, आवर्तन (धरणातून ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी) सुटलं की पाणी वाढतं. उतरण्याआधी मंदिराजवळच्या दुकानदारांना विचारा. फोटोला सकाळचं तिरपं ऊन हवं, दुपारी खळग्यांची खोली कळतच नाही.