पद्मिनी घेऊन आग्रा रोडने दिल्ली: टीएसडी रॅलीची तयारी कशी करावी?

पंचवटी८५
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर ओळखीतल्या काही जुन्या गाड्यांची टीएसडी रॅली (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेली सरासरी राखून ठरल्या वेळी पोचायचं) काढायचं ठरतंय. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, आग्रा रोड धरूनच. आमची गाडी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गावात छान चालते. उन्हात तासभर सलग पळवली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. एक मिस्त्री म्हणतात कॉइल, दुसरे म्हणतात पेट्रोल पंप. त्यापेक्षा इंजिनच उतरवून करून घ्यावं का? सोबत कोणते पार्ट ठेवू?

सातपूर_लेथ
इंजिन उतरवू नका. ऑइलचं प्रेशर नीट असेल आणि धूर नसेल तर जे चालतंय ते चालू द्या. रॅलीच्या तोंडावर उघडलेलं इंजिन म्हणजे नव्या गास्केटची आणि नव्या रिंगांची परीक्षा भर रस्त्यात घ्यायची.

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, ही खूण कॉइलचीही आहे (ठिणगीचा करंट तीच बनवते) आणि व्हेपर लॉकचीही (धगीने पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन पुरवठा तुटणं). म्हणून दोन्ही मिस्त्री आपापल्या जागी बरोबर वाटतात. फरक गाडी बंद पडल्या क्षणीच कळतो, नंतर नाही. एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या नळ्यात बघत अ‍ॅक्सिलरेटर हाताने झटकन दाबा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर पेट्रोल येतंय, दोष करंटचा. पिचकारी नाही, तर पेट्रोलचा. करंट बघायचा तर आधी फिल्टर परत बसवा. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) मधली वायर काढून तिचं टोक कार्ब्युरेटरपासून लांब, ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा (हातात नाही, कोरड्या लाकडी चिमट्यात) आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. डेल्कोतल्या पॉइंटवर (करंट जोडतोडणारे संपर्क) मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि ते जळून खड्डे पडले असतील तर आधी कंडेन्सर बदला.

बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर फार बेभरवशाचे आहेत. चालता जुना काढला तर फेकू नका, डिकीत ठेवा. स्पेअर म्हणून घेतलेला कंडेन्सर, पॉइंट आणि कॉइल आधी गाडीला लावून दोनशे किलोमीटर चालवा, मग काढून डबीत ठेवा. पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.४५ मिमीच्या आसपास, प्लगचा ०.६. पॉइंटच्या टाचेला ग्रीस लावायला लोक विसरतात. टाच झिजते, गॅप बसतो, टायमिंग मागे पडतं आणि गाडी आणखी गरम होते.

घाटवाला
लक्षणं ऐकून माझा कौल व्हेपर लॉकला. पद्मिनीचा पंप ब्लॉकलाच बसवलेला, त्याला इंजिनची सगळी धग लागते. त्यात आता भरायला ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पंपाचा पडदा आणि नळ्या मऊ पडतात, टाकीत पाणी धरतं. शिवाय मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), आणि पातळ मिश्रणावर गाडी गरम चालते.

कामं अशी. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची नीडलही (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई). टाकी उतरवून धुवा, नाहीतर सुटलेला गंज फिल्टर भरून टाकेल. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा (जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो) आणि प्लगचा रंग तपासा: पांढरट म्हणजे अजून पातळ, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पंप आणि ब्लॉकमध्ये बेकलाइटचा जाड तुकडा घालतात तो उपयोगी आहे. पण जाडी वाढली की पंपाचा आर्म कमी दाबला जातो, म्हणून लांब चढावर पेट्रोल पुरतं का ते बघा.

खात्रीचा उपाय म्हणजे टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली इलेक्ट्रिक पंप. तो अडीच-तीन पीएसआयचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर सोलेक्सची नीडल उघडी पडेल आणि पेट्रोल इंजिनवर सांडेल, आग लागायला तेवढं पुरतं. वायरिंग ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद.

चाचणी लांब कुठे नको. दुपारी बारा-एकला वणी, नांदुरी करत सप्तशृंगी गडावर चढा. वर पोचल्यावर इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा आणि मग सेल्फ मारा. त्या पंधरा मिनिटांत पंप आणि कार्ब्युरेटर सर्वांत जास्त तापतात, कारण पाणी फिरत नाही आणि पंखाही नाही. उतरताना ब्रेकची परीक्षा होईलच.

गंगापूररोडकर
रेडिएटरचं रॉडिंग (उघडून नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, नुसतं फ्लशिंग पुरत नाही. कॅपची स्प्रिंग ढिली पडली की पाणी लवकर उकळतं. कॅपच नवी टाका. बिजासन घाट आणि खलघाटानंतरचा मानपूरचा चढ, दोन्ही ठिकाणी तापमानाचा काटा चढेल. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जा. काटा लालकडे गेला तर सावलीत थांबून इंजिन फास्ट आयडलवर चालू ठेवा. लगेच बंद केलं तर उलट उकळतं, आणि कॅपला तर हात लावूच नका.

परतताना तोच मानपूरचा उतार ड्रम ब्रेकना भारी आहे. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ड्रम लेथवर सारखे करून घ्या, व्हील सिलिंडरच्या चारही किट नव्या, ऑइल पूर्ण बदला. जुनं ब्रेक ऑइल पाणी ओढतं आणि घाटात उकळतं, मग पेडल खाली जातं. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना मागचं डावं चाक आधी, पुढचं उजवं शेवटी.

डिकीत हे असू द्या: फॅनबेल्ट २, वरचा-खालचा रेडिएटर होज, वॉटर पंप, पॉइंट-कंडेन्सर २ जोड, रोटर, डेल्को कॅप, कॉइल, प्लग ४, पंपाची किट, हेड गास्केट, ट्यूब २, होज क्लिप डझनभर, बायंडिंग वायर, पाणी १० लिटर, अर्धा डझन फ्यूज. पद्मिनीचे पार्ट हायवेवर मिळतील या भरवशावर राहू नका. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून आधीच आणा. आणि टायर घेताना बाजूवरचा चार अंकी कोड बघा, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांवरचं टायर रॅलीला नको.

आडगावनाका
दिल्ली विसरा. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि हरियाणातला फरीदाबादचा पट्टाही त्यातच येतो. ग्वाल्हेरला शेवट करा, साधारण नऊशे किलोमीटर होतात, तेवढी मजा पुष्कळ. 'व्हिंटेज' नोंदणीही मिळणार नाही, ती ५० वर्षांवरच्या गाड्यांना. आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पीयूसी चालू आहे ना ते बघा.

विम्याची पॉलिसी उघडून 'लिमिटेशन ॲज टू यूज' (वापराच्या मर्यादा) वाचा. रेसिंग, स्पीड टेस्टिंगबरोबर 'रिलायबिलिटी ट्रायल'ही बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. कंपनीला लेखी विचारून ठेवा. सरकारी परवानगीशिवाय रस्त्यावर वेगाची स्पर्धा हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, म्हणून सरासरी ४०-४५ च्या वर ठेवूच नका.

टीएसडीचं गणित सोपं: ३६०० भागिले सरासरी म्हणजे किलोमीटरला किती सेकंद. ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०. खरी भानगड केबलवर चालणाऱ्या किलोमीटरच्या मीटरची. हायवेच्या दगडांवर २० किलोमीटर मोजा. मीटरने १९.२ दाखवले तर दाखवलेल्या आकड्याला १.०४२ ने गुणायचं. टायरमधली हवा तीच ठेवून मोजा, आणि टायर बदललं तर पुन्हा मोजा.

पंचवटी८५
ग्वाल्हेर पक्कं. इलेक्ट्रिक पंप लावला तर जुना मेकॅनिकल पंप काढून टाकू की राहू देऊ?

घाटवाला
काढा आणि भोकावर गास्केटसह प्लेट मारा. तसाच ठेवला आणि आतला पडदा फाटला तर नवा पंप पेट्रोल सरळ ऑइल चेंबरमध्ये ढकलेल. पण काढलेला पंप नवी किट टाकून डिकीत ठेवा, पंपाच्या वायरने दगा दिला तर पाऊण तासात परत बसवता येतो.