मदत हवी आहे: चित्रपटातलं प्रतिनिधित्व तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका मित्रानं स्वतःच्या आणि दोस्तांच्या पैशांतून ९६ मिनिटांचा चित्रपट केलाय. करवीर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब आणि त्यांच्या उसाच्या फडात उतरलेली बीडची ऊसतोड टोळी, अशी गोष्ट. संकलन अजून पक्कं नाही. त्यानं कच्चा कट देऊन विचारलंय, 'सगळ्यांना न्याय मिळालाय का, तपासून सांग.' रविवारपर्यंत सांगायचंय आणि मी अडकलोय.

आधी मोजायला बसलो. बोलणारी पात्रं १९, त्यांत बायका ८. टोळीतली ६ माणसं बोलतात. १९८५ साली ॲलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेतून आलेली कसोटीही लावली: दोन बायका, एकमेकींशी बोलणाऱ्या, आणि विषय पुरुष सोडून दुसरा. पास! दोघी पाण्याच्या टाकीपाशी लेकीच्या शाळेबद्दल बोलतात. कागदावर सगळं बरोबर, पण बघताना पटत नाही.

टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाची, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीवर, घेतो मात्र नवरा. मी तक्त्यात टोळीतल्या बाईला पूर्ण एक धरलं, पण गोष्टीनं तिला अर्ध्या कोयत्यापलीकडं जाऊच दिलेलं नाही. ती मोळ्या बांधते, सोसते, रडते. तिला काय हवंय ते एकदाही कळत नाही. शेतकऱ्याची सून मात्र चिडते, खोटं बोलते, चुकते, माफी मागते.

शिवाय टोळीची माणसं चक्क 'काय करालाईस' म्हणतात! कलाकार इथल्या रंगभूमीवरचे, गुणी आहेत, पण बीडची बोली ही नव्हे.

मागं फडात खरीखुरी तोडकरी माणसं आहेत. श्रेयनामावलीत त्यांच्यासाठी 'टोळीतील कामगार' एवढंच. याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. बायकांची कामं पुरुष करायचे त्या काळात, १९२० च्या 'सैरंध्री' या मूकपटात, दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी ती बायकांना दिली होती. तेही याच कोल्हापुरात. आणि इथं खऱ्या माणसांना नावसुद्धा नाही.

जात कुणी उच्चारत नाही, पण उंबऱ्याच्या आत कोण येतं ते दिसतं. हे उणं धरायचं का? आणि आकडे सोडून बघायचं काय?

प्रतिसाद
दादा, माझ्या आईवडिलांनी केजकडून येऊन अकरा हंगाम तोडलेत. मी आजीपाशी राहून शिकले. त्या बाईला गोष्टीतून काढून बघा. काहीच अडलं नाही, तर ती नुसती शोभेला आहे. आई तीनला उठून भाकरी थापायची, दिवसभर फडात असायची, हे खरं. पण ती मुकादमाशी भांडायचीसुद्धा. मला गावी ठेवायचं हे तिनंच ठरवलं, बाबांचं ऐकलं नाही. तुमच्या चित्रपटातली बाई काही ठरवते का? उंबरा आहे तसा ठेवा. आम्हालाही कुणी जात बोलून दाखवली नाही, पाणी तेवढं वरून ओतलं. आणि टोळी गावाकडं परतायच्या आत त्यांना दाखवा.

धागाकर्ता
ताई, खूप आभार. ती काही ठरवत नाही, आता पुन्हा बघितलं. मित्राशी बोललो, तो फडातल्या सगळ्यांची नावं गोळा करतोय. टोळी सध्या शिरोळकडं आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जातोय. लॅपटॉपवर इतक्यांना दिसणार नाही, कुणाकडं प्रोजेक्टर असेल तर कृपया कळवा.